मरुप्रदेशीय वास्तुकला व चार्ल्स कोरिया

मरुप्रदेशीय वास्तुकला : अल्प पर्जन्य, प्रखर सूर्यप्रकाश, कोरडी हवा आणि दिवसाच्या व रात्रीच्या तापमानांतील मोठी तफावत ही लक्षणे असलेल्या प्रदेशांत विकसित झालेली गृहरचना व नगररचना. भारतात तिचे प्रमुख क्षेत्र पश्चिम राजस्थान हे असले, तरी उत्तर गुजरात, माळवा, दख्खनच्या पठाराचा पर्जन्यछायेतील भाग आणि विदर्भ येथील उष्ण-शुष्क हवामानातील बांधणीचाही विचार वास्तुशास्त्रज्ञ तिच्याच अनुषंगाने करतात. विसाव्या शतकाच्या मध्यास या परंपरेचा आधुनिक वास्तुकलेशी जो संबंध जुळला, त्यात मुंबईचे वास्तुविशारद चार्ल्स मार्क कोरिया (१ सप्टेंबर १९३० – १६ जून २०१५) यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी अहमदाबाद, कोटा, हैदराबाद व जयपूर येथे केलेल्या कामांतून उष्ण-शुष्क प्रदेशातील घराचा एक नवा छेद निर्माण झाला. त्यामागील विचार पुढे अगदी भिन्न हवामानात, म्हणजे मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील पनवेल–उरण पट्ट्यातही येऊन पोहोचला. या प्रवासात त्यातील काय टिकले व काय गळून पडले, हा भारतीय वास्तुकलेच्या इतिहासातील उद्‌बोधक भाग होय.

परंपरागत पार्श्वभूमी : वाळवंटातील घराचे शत्रू दोन, दिवसाचे ऊन आणि धुळीने भरलेला उष्ण वारा. त्याचा मित्र मात्र एकच, तो म्हणजे रात्रीचे निरभ्र आकाश. हवेत बाष्प कमी असल्याने दिवसभर तापलेली जमीन, छप्पर व भिंती रात्री आपली उष्णता आकाशाकडे झपाट्याने उत्सर्जित करतात. जैसलमेर येथे वार्षिक पर्जन्य २० सेंमी.हून कमी असतो व वर्षातील बहुतेक रात्री आकाश स्वच्छ असते. म्हणून तेथील घर बाहेरून बंद व आतून खुले असते. जाड दगडी भिंतीतून दिवसाची उष्णता आत शिरण्यास कित्येक तास लागतात. ती आतल्या पृष्ठभागापर्यंत पोहोचेतो सूर्य मावळलेला असतो व घरातील माणसे गच्चीवर गेलेली असतात. घरे एकमेकांस खेटून बांधल्याने उन्हात येणारा पृष्ठभाग घटतो, अरुंद गल्लीवर दोन्ही बाजूंच्या भिंतींची सावली पडते आणि चौकात साठलेली रात्रीची थंड हवा सकाळी उशिरापर्यंत टिकून राहते.

महाराष्ट्राला ही पद्धती परकी नाही. मराठवाडा, सोलापूर व खानदेश या भागांतील माळवदाची वा धाब्याची घरे याच तत्त्वावर उभी आहेत. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर, रस्त्याकडे जवळजवळ खिडकी नसलेली भिंत, मधला चौक आणि माळवदात उजेडासाठी व धूर जाण्यासाठी ठेवलेले साणे ही त्या घराची अंगे होत. साण्यातून केवळ उजेड येतो असे नाही; तापून वर चढलेली हवाही तेथूनच बाहेर पडते. या साध्या छिद्राचे महत्त्व पुढील विवेचनात लक्षात येईल.

आधुनिक वास्तुकलेचा प्रवेश : स्वातंत्र्योत्तर काळात काँक्रीटची सांगाड्याची बांधणी सर्वत्र रूढ होऊ लागली, तेव्हा या प्रादेशिक शहाणपणाचा विसर पडण्याचा धोका निर्माण झाला. पातळ भिंती, मोठ्या काचा व सपाट पातळ स्लॅब असलेली इमारत अहमदाबादेत मे महिन्यात भट्टीसारखी तापते. ल कॉर्ब्यूझ्ये यांनी चंडीगढ व अहमदाबाद येथील कामांत या प्रश्नास उत्तर दिले ते उन्हाच्या आड येणाऱ्या काँक्रीटच्या खोल पडद्यांनी आणि छत्रीप्रमाणे इमारतीपासून सुटे धरलेल्या छपराने. अहमदाबादेतील गिरणीमालक संघाची इमारत (१९५४) हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच शहरात मूळचे कोकणातील आचरे गावचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे (१९१६–२००२) यांनी वस्त्रोद्योग संशोधनाच्या ‘अटिरा’ या संस्थेची इमारत उभारली. हार्व्हर्ड विद्यापीठात व्हाल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली शिकलेल्या कानविंदे यांच्यावर प्रारंभी यूरोपीय आधुनिकतेची छाप होती. परंतु मेहसाणा येथील दूधसागर दुग्धालयात (१९७०–७३) यंत्रांची उष्ण हवा बाहेर टाकणारे उंच झरोके-मनोरे हेच त्यांच्या इमारतीचे रूप ठरले. पश्चिम आशिया व ईजिप्त यांकडे पाहता, हसन फतही यांनी लक्सॉरजवळील नव्या गुर्ना गावात १९४६ पासून मातीच्या कच्च्या विटांच्या घुमटांचे व वारा ओढून घेणाऱ्या धारांचे पुनरुज्जीवन केले होते. फतही यांनी जुने द्रव्य व जुने कौशल्य या दोहोंना धरून ठेवले. कोरिया यांची वाट वेगळी होती. त्यांनी द्रव्य आधुनिकच घेतले. परंपरेतून घेतला तो हवेचा मार्ग.

कोरिया हे मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील. जन्म सिकंदराबाद येथे. मुंबईच्या सेंट झेव्हिअर्स महाविद्यालयानंतर त्यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ (१९५३) व मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (१९५५) येथे वास्तुकलेचे शिक्षण घेतले आणि १९५८ मध्ये मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. पहिलेच मोठे काम साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयाचे होते. जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते १९६३ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. सहा मीटर चौरसाचे एकेक दालन, विटांचे खांब, कौलारू छप्पर व काचेऐवजी लाकडी झडपा अशी ही रचना असून काही चौरस मुद्दाम उघडे ठेवले आहेत. मध्यभागी जलाशयाचा चौक आहे. प्रेक्षक एका दालनातून दुसऱ्यात जाताना वारंवार उघड्या आकाशाखाली येतो. पुढील साऱ्या कामाचे बीज येथे दिसते.

नळीघर : गुजरात गृहनिर्माण मंडळाने अल्प उत्पन्न गटासाठी घेतलेल्या अखिल भारतीय स्पर्धेत कोरिया यांच्या योजनेस प्रथम पारितोषिक मिळाले. स्पर्धकांकडून जिन्यांच्या बहुमजली चाळीवजा इमारती अपेक्षित होत्या. कोरिया यांनी दाखवून दिले, की एकमेकांस लागून असलेल्या लांब व अरुंद घरांच्या रांगांतही तेवढीच वस्ती सामावते, शिवाय प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जमीन व स्वतःचे आकाश मिळते. नमुन्यादाखल एक घर १९६१–६२ मध्ये अहमदाबाद येथे बांधण्यात आले. त्याची रुंदी ३·६ मी. व लांबी सु. १८·२ मी. होती. आकारावरून त्यास नळीघर असे नाव पडले.

घराच्या दोन्ही लांब भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणून त्यांवर ऊन पडण्याचा प्रश्नच नाही. उन्हाला सामोरी जाते ती फक्त छपराची पाठ व दोन अरुंद टोके. छप्पर दोन्ही बाजूंनी चढत जाऊन माथ्याशी मिळत नाही. तेथे एक फट राखलेली असते. खोलीत तापलेली हवा उतरत्या छताच्या अंगाने वर सरकते व या फटीतून निघून जाते. तिची जागा घेण्यासाठी दारालगतच्या खालच्या झडपांमधून नवी हवा आत ओढली जाते. झडपा कमीअधिक उघडता येत असल्याने हवेचे प्रमाण घरातल्या माणसाच्या हाती राहते. आत दारे जवळजवळ नाहीत. खासगीपणा साधला आहे तो जमिनीच्या पातळ्या बदलून व अर्धा माळा काढून, जेणेकरून नळीतील हवेचा प्रवाह कोठेही अडू नये. मध्ये लहानसा चौक असून सुरक्षिततेसाठी त्यावर जाळीवजा आडव्या पट्ट्या आहेत. माळवदाच्या साण्याचेच हे शास्त्रशुद्ध व घरभर पसरलेले रूप म्हणावे लागेल. मात्र कोरिया यांनी ते मराठवाड्याच्या घरावरून घेतले असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. एकाच हवामानाने विचारलेल्या प्रश्नाला दोन काळांत सारखे उत्तर मिळाले, एवढेच.

या घराची स्तुती पुष्कळ झाली आहे. त्याची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. तप्त हवा वर चढून बाहेर जाते हे खरे. परंतु उन्हाळ्यातील दुपारी बाहेरची हवा घरातील हवेहून अधिक तापलेली असते. अशा वेळी खालून आत येणारी हवा थंडावा देत नाही, उष्णताच आणते. जुन्या घरातील गृहिणी सकाळी दारेखिडक्या लावून घेत व सूर्यास्तानंतर त्या उघडत, ती याच कारणाने. नळीघरही याच शिस्तीने वापरले, तरच त्याचा छेद काम करतो; रात्री झडपा उघड्या ठेवून भिंती व जमीन थंड करावयाची, दिवसा हवेचा मार्ग आखडता घ्यावयाचा. म्हणजे या वास्तूचा अर्धा भाग विटा-काँक्रीटचा व अर्धा भाग राहणाऱ्याच्या सवयीचा होता. वास्तुविशारदाच्या आराखड्यात दुसरा अर्धा भाग काढून दाखविता येत नाही. नळीघर पुढे पाडण्यात आले. त्याची रांग कधीच उभी राहिली नाही. आणि सामाईक भिंती हाच ज्या योजनेचा कणा, तिचे एकाकी घर हे तसे अपुरेच प्रमाण होते.

छेदाचा विकास : दिल्लीच्या १९६१ च्या औद्योगिक प्रदर्शनातील हिंदुस्थान लीव्हर कंपनीच्या मंडपात हेच तत्त्व जवळजवळ शिल्परूपाने अवतरले. चुरगाळलेल्या कागदासारखा दिसणारा फवारलेल्या काँक्रीटचा तो तात्पुरता मंडप. आत चढउतारांच्या उतरणी आणि माथ्यावर उष्ण हवा बाहेर सोडणारी तोफांच्या आकाराची धुराडी. त्याच धुराड्यांचे संयत रूप अहमदाबादेतील रामकृष्ण निवासात (१९६२–६४) दिसते. एका श्रीमंत गिरणीमालकासाठी बांधलेल्या या घरात समांतर भिंती, मध्ये मध्ये चौक व दक्षिणेकडे बागेत उघडणारे मोठे दालन आहे. गरिबासाठी शोधलेला छेद श्रीमंताच्या घरी प्रथम सुखाने नांदला, ही आधुनिक भारतीय वास्तुकलेतील नित्याची विसंगती येथेही दिसते.

याहून महत्त्वाची पायरी म्हणजे कोटा शहराजवळील केबलनगर वसाहतीचा आराखडा (१९६७) आणि अहमदाबादेतील पारेख निवास (१९६६–६८). येथे कोरिया यांनी एकाच घरासाठी दोन छेद कल्पिले. उन्हाळी छेद वर निमुळता होत जातो. तो पिरॅमिडप्रमाणे आतील जागा आकाशापासून झाकून घेतो व दुपारच्या वापरासाठी असतो. हिवाळी छेद याच्या उलट, म्हणजे वर रुंदावत जाणारा व आकाशाकडे उघडा. तो थंडीच्या दिवसांत आणि उन्हाळ्यातील संध्याकाळी उपयोगी पडतो. पारेख निवासाची जागा पूर्व-पश्चिम तोंडाची असल्याने उन्हाळी पट्टा मध्ये घेऊन त्याच्या एका बाजूस हिवाळी पट्टा व दुसऱ्या बाजूस स्वयंपाकघर, जिना इ. सेवांचा पट्टा ठेवला आहे. घरातील माणसे ऋतूनुसार व प्रहरानुसार घरातल्या घरात स्थलांतर करतात. राजस्थानातील हवेल्यांत व मोगल राजवाड्यांत हे स्थलांतर पूर्वापार होत असे. दुपारी तळघरात, रात्री गच्चीवर. कोरिया यांनी त्यास विटांच्या तीन समांतर पट्ट्यांत बसविले.

यानंतर हा विचार खऱ्या अर्थाने वाळवंटात गेला, पण तो भारताबाहेर. पेरू सरकार व संयुक्त राष्ट्रे यांनी लिमा येथे प्रायोगिक गृहवसाहतीसाठी घेतलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत (१९६९) जेम्स स्टर्लिंग, आल्डो व्हान आइक, क्रिस्टोफर अलेक्झांडर प्रभृतींबरोबर कोरिया यांनाही निमंत्रण होते. लिमा पॅसिफिकच्या काठी असूनही जवळजवळ पर्जन्यहीन आहे. तेथे त्यांनी नळीघराचीच अरुंद रांग योजिली. मात्र सामाईक भिंती सरळ न ठेवता नागमोडी केल्या. भूकंपप्रवण प्रदेशात अशी भिंत अधिक स्थिर राहते. ज्या तत्त्वाची रांग अहमदाबादेत बांधली गेली नाही, त्याची काही घरे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर बांधली गेली व त्यांत कुटुंबे राहू लागली. कालांतराने रहिवाशांनी त्यांवर मजले चढविले. अशी वाढ स्पर्धेच्या संकल्पनेतच गृहीत धरलेली होती.

आकाशाचा विचार : कोरिया यांचे कार्य केवळ वायुवीजनाच्या युक्त्यांपुरते राहिले असते, तर वातानुकूलन यंत्रे सर्वत्र आल्यावर त्याचे महत्त्व ऐतिहासिकच उरले असते. परंतु त्यांनी हवामानाचा प्रश्न अर्थकारणाशी जोडला. भारतासारख्या उष्ण देशात उघडी जागा ही खोलीच होय, असा त्यांचा सिद्धांत आहे. अंगणात स्वयंपाक होतो, मुले खेळतात, पाहुणे बसतात, रात्री झोपणे होते. वर्षाचा मोठा भाग ती वापरता येत असेल, तर तिची उपयोगिता बंद खोलीशी तुलनीय ठरते आणि ती तयार करण्यास विटा, सिमेंट वा पोलाद लागत नाही. मात्र तिला जमीन लागते. त्यामुळे उंच इमारत बांधून जमीन वाचविणे म्हणजे गरिबाकडून त्याची सर्वांत स्वस्त खोली काढून घेणे होय. ‘आकारास हवामान घडविते’ या आशयाचा त्यांचा निबंध (१९८०) आणि द न्यू लँडस्केप (१९८५) हा ग्रंथ यांतून हा युक्तिवाद मांडलेला आहे. आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या सुकाणू समितीवर ते १९७७–८६ या काळात होते. त्या पुरस्काराच्या पहिल्या फेरीत (१९८०) हसन फतही यांचा विशेष गौरव झाला. उष्ण प्रदेशांतील देशांनी परस्परांकडे पाहावे, यूरोपकडे नव्हे, ही जाणीव या काळात वाढीस लागली.

कार्यालयीन इमारतीत हा विचार हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या प्रशासकीय वास्तूत (१९६५–६८) दिसतो. तेथे इमारतीवर पसरलेली काँक्रीटच्या पट्ट्यांची प्रचंड मांडववजा छत्री ऊन गाळून खाली सोडते. भोपाळच्या भारत भवनात (१९७५–८१) दालने उतारात दडविली असून प्रेक्षक गच्च्यांवरून खालच्या चौकांत उतरतो. जयपूरचे जवाहर कला केंद्र (१९८६–९२) हे मरुप्रदेशातील त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम. सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगराचा नऊ चौकड्यांचा आराखडा, ज्यातील एक चौकडी टेकडीमुळे बाजूस सरकलेली आहे, तोच येथे इमारतीचा आराखडा झाला. तीस मीटर बाजूचे नऊ चौरस, आठ मीटर उंच भिंती, त्यांवर तांबड्या वालुकाश्माचे आच्छादन आणि प्रत्येक चौरसास एक ग्रह. मधला सूर्याचा चौरस पूर्णपणे रिकामा, पायऱ्यांच्या कुंडासारखा. ग्रहांचा हा पसारा काही टीकाकारांना कृत्रिम वाटतो आणि त्यात तथ्य आहे. नळीघराच्या छेदातील प्रत्येक रेघेला काम होते, तसे येथील प्रत्येक चिन्हाबाबत म्हणता येत नाही. पण मे महिन्याच्या संध्याकाळी मधला कुंड माणसांनी भरतो, तेव्हा रिकाम्या चौकाचे जुने गणित पटते.

समकालीनांत बाळकृष्ण दोशी यांचे अहमदाबादेतील संगत हे कार्यालय (१९८०), पांढऱ्या तुकड्यांच्या फरशीने मढविलेल्या व अर्धवट जमिनीत गेलेल्या त्याच्या कमानछपरांमुळे, आणि राज रेवल यांचे दिल्लीचे आशियाई क्रीडाग्राम (१९८२), जैसलमेरच्या गल्ल्यांशी असलेल्या नात्यामुळे, याच प्रवाहात गणले जातात. तो एका व्यक्तीचा प्रभाव नव्हे, एका पिढीचा शोध होता. कोरिया यांनी त्यास तत्त्वाची भाषा दिली.

दमट किनाऱ्यावरील कसोटी : मुंबई बंदराच्या पूर्वेस, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने गाठता येणारे मोरा हे उरणचे जुने बंदर. उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचाच पेटा होता. मिठागरे, भातखाचरे, मासेमारी व मुंबईशी चालणारी जलवाहतूक यांवर हा भाग जगत आला. येथील हवामान वाळवंटाच्या नेमके उलट आहे. वार्षिक पर्जन्य २०० सेंमी.च्या वर, हवा बाष्पाने जड, दिवस व रात्र यांच्या तापमानांत थोडेच अंतर आणि जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी झाकलेले. अशा ठिकाणी जाड भिंत रात्री थंड होत नाही. बंद घर कोंदटते. आगरी व कोळी वस्त्यांतील परंपरागत घर म्हणून चौकाभोवती वळत नाही. ते सुटे उभे असते. उतरती कौले भिंतीबाहेर बरीच पुढे आलेली, पुढे ओटी वा पडवी, मध्ये माजघर, मागे परसू आणि पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत वाऱ्याला सरळ वाट.

या किनाऱ्याचे भवितव्य बदलले ते १९६४–६५ मध्ये. कोरिया, प्रवीणा मेहता व अभियंते शिरीष पटेल यांनी मुंबईची वाढ उत्तरेकडे लांबवीत नेण्याऐवजी बंदरापलीकडे पूर्वेस जुळे शहर वसविण्याची योजना मांडली व ती मार्ग नियतकालिकाच्या १९६५ च्या अंकात प्रसिद्ध झाली. शासनाने ती तत्त्वतः स्वीकारून १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन केले. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची सु. ३४४ चौ. किमी. जमीन नव्या शहरासाठी ठरविण्यात आली आणि कोरिया हे प्रारंभीची काही वर्षे महामंडळाचे मुख्य वास्तुविशारद होते. जमिनीची वाढणारी किंमत शहराच्याच सोयींवर खर्च व्हावी व गरिबाला जमिनीवरचे घर मिळावे, हे योजनेचे सार होते. शासनाची कार्यालये नव्या शहरात हलविण्याची सूचना मात्र प्रत्यक्षात आली नाही. त्याच काळात दक्षिण मुंबईत नरिमन पॉइंटवर भराव घालून कार्यालयांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या.

बेलापूर येथील गृहवसाहत (१९८३–८६), जी कलाकारांचे खेडे म्हणून ओळखली जाते, ती या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. वाळवंटी घराच्या संशोधकाने दमट किनाऱ्यावर बांधलेली ही वस्ती. येथे त्यांनी नळीघराचे मुख्य साधन, म्हणजे सामाईक भिंत, पूर्णपणे सोडून दिले. प्रत्येक घर सुटे आहे. त्याची कारणे दोन. चारही बाजूंनी वारा मिळावा हे एक आणि शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता घर वाढविता यावे हे दुसरे. सात घरे सुमारे आठ मीटर चौरसाच्या अंगणाभोवती. अशी तीन अंगणे मिळून मोठे अंगण. तशी तीन मिळून त्याहून मोठे, आणि शेवटी शाळा-बाजाराची सार्वजनिक जागा. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौ. मी. मर्यादेत ठेवले, जेणेकरून सर्वांत गरीब व तुलनेने बऱ्या स्थितीतील कुटुंबांच्या जमिनीत फार अंतर पडू नये. भिंती विटांच्या, छपरे कौलारू, बांधकाम गवंड्यासुताराला जमेल असे. सु. ५५० कुटुंबांची ही वस्ती एकदोन मजल्यांची असूनही हेक्टरी ५०० माणसांची घनता गाठते.

तेव्हा वाळवंटातून किनाऱ्यावर आले ते काय? निमुळता छेद आला नाही, जाड भिंत आली नाही, धुराडे आले नाही. आले ते अंगण. पण त्याचे कार्य बदलले. अहमदाबादेत ते थंड हवा साठविणारे पात्र होते. बेलापुरात ते पावसाळ्यात चार महिने ओले असते आणि उरलेल्या काळात शेजाराचे व वाऱ्याचे स्थान असते. मुंबईतील कांचनजंगा या २८ मजली इमारतीत (१९७०–८३) तेच दुमजली उंचीच्या कोपऱ्यातील बागेच्या रूपाने दिसते. पश्चिमेचा वारा हवा पण पश्चिमेचे ऊन व पाऊस नको, या मुंबईच्या जुन्या पेचावर जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याने दिलेले उत्तर तेथे आकाशात उचलून धरले आहे. हवामानानुसार आकार बदलला पाहिजे हे तत्त्व कोरिया यांनी स्वतःच्या आकारांवरही लागू केले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. त्यांच्या अनुकरणकर्त्यांबाबत असे म्हणता येत नाही. कोकणपट्टीत पुढे बांधल्या गेलेल्या कित्येक विश्रामगृहांना राजस्थानी चौक व बंद भिंती लाभल्या आणि त्यांत पावसाळाभर बुरशी धरते.

बेलापूरच्या योजनेत एक गोष्ट मात्र आराखड्याबाहेर राहिली होती. ‘स्वतःची जमीन व स्वतःचे आकाश’ हे सूत्र ज्यांच्या जमिनीवर साकार व्हावयाचे, ते शेतकरी व आगरी-कोळी या शहराचे मूळ रहिवासी होते. भूसंपादनाचा मोबदला व पुनर्वसन यांसाठी उरण भागात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. बेलापूरची घरे त्याच सुमारास बांधली जात होती. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्र विकसित भूखंडाच्या रूपाने परत देण्याचे धोरण नंतरच्या दशकात अमलात आले. परंतु परत मिळालेला भूखंड हा शेत नव्हता. त्यावर अंगणाचे घर बांधण्यापेक्षा बांधकाम व्यावसायिकाशी करार करून अनेक मजले उभारणे फायद्याचे ठरले. आणि गावठाणांतही पडवीची कौलारू घरे जाऊन स्लॅबच्या तीनचार मजली इमारती एकमेकींस खेटून उभ्या राहिल्या. दमट हवेत वाऱ्याची वाट बंद करणारी ही दाटी वाळवंटी गावाच्या दाटीसारखी दिसते, पण तिचा एकही गुण तिच्यात नाही. कोरिया यांच्या सिद्धांताचा हा सर्वांत दुबळा दुवा म्हणता येईल. उघड्या आकाशाची किंमत त्यांनी काढली, परंतु जमिनीचा भाव वाढू लागल्यावर ते आकाश कोण राखणार याचे उत्तर वास्तुविशारदाच्या हाती नव्हते.

पुढील काळ : न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. शिवडी–न्हावा शेवा सागरी सेतू व उरणची लोकल रेल्वे १२ जानेवारी २०२४ रोजी खुली झाली आणि मोरा बंदरामागील पट्ट्यात, विशेषतः द्रोणागिरी परिसरात, बहुमजली गृहबांधणीस वेग आला. राष्ट्रीय पातळीवर इमारत संहितेने देशाचे उष्ण-शुष्क, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण व शीत असे पाच हवामान विभाग मानले असून निवासी इमारतींच्या बाह्यावरणासाठी २०१८ मध्ये स्वतंत्र ऊर्जासंहिताही जाहीर झाली. भिंतीतून शिरणारी उष्णता व खिडकीचे उघडणारे क्षेत्र यांची गणिते तीत आहेत. नळीघराच्या झडपांमागील विचार आता नियमाच्या स्वरूपात आला आहे.

कोरिया यांना पद्मश्री (१९७२), रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचे सुवर्णपदक (१९८४) व पद्मविभूषण (२००६) हे सन्मान लाभले. राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे (१९८५–८८) ते अध्यक्ष होते. बेलापूरच्या वस्तीतील बरीच मूळ कौलारू घरे रहिवाशांनी काढून त्यांच्या जागी काँक्रीटची दोनतीन मजली घरे बांधली आहेत. सात घरांमधील अंगणे मात्र बहुतांशी मोकळी आहेत. त्यांवर कोणा एकाची मालकी नाही.